हुज्जत घालायची कुणाशी?

लग्नाच्या पंगतीत लोक डॉक्टरला गुडघे दाखवतात, मला मोबाईल. मी मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवते, एवढं कुणीतरी शेजारच्याच्या कानात सांगितलेलं असतं आणि तेवढं पुरतं. मठ्ठ्याची वाटी बाजूला सरकते, स्क्रीन पुढे येतो. गाडीचा फोटो, नंबरप्लेटचा मोठा केलेला तुकडा, तारीख, वेळ, वेग आणि तळाशी दोन हजार रुपये. "वहिनी, खरंच एवढ्या जोरात होतो का हो मी?" प्रश्न वेगाचा वाटतो. जिलबी येईपर्यंत खरा प्रश्न बाहेर पडतो: हे भरावंच लागतं का?

मला या प्रश्नाचा राग येत नाही. कुणी पैसे मागितले तर कशाचे म्हणून विचारणं हा शहाणपणाच आहे, मागणारं सरकार असलं तरी. खटकतं ते एवढंच, की हा प्रश्न पंगतीत येतो. ज्यानं चलान पाठवलं त्याला तो विचारायचा असतो, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसतं.

पूर्वी ही हुज्जत रस्त्यावर चालायची. पुण्यात ट्रॅफिक हवालदाराला मामा म्हणतात आणि मामाशी घालायच्या हुज्जतीचे टप्पे ठरलेले असत. आधी "साहेब, पिवळाच होता". मग "आईला दवाखान्यात न्यायचंय". मग कुणा नगरसेवकाला फोन लावल्याचं नाटक. शेवटी पावती, नाहीतर पावतीवाचून तडजोड. त्या दिवसांच्या आठवणीनं गहिवरणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्यातली नाही. ज्याच्या खिशात शंभराची नोट तो सुटायचा, ज्याच्या नाही त्याची पावती फाटायची, यात गहिवरण्यासारखं काय आहे? कॅमेरा नगरसेवकाला ओळखत नाही, ही मोठीच सोय झाली. पण मामा हा माणूस होता. "वेगमर्यादेची पाटी दाखवा कुठाय" म्हटलं तर तो हात करून दाखवायचा, नाहीतर ओशाळायचा. कमानीवरचा कॅमेरा ओशाळत नाही. मग ती सगळी हुज्जत व्हॉट्सअ‍ॅपवर गेली आणि तिथे तिला उत्तरं देणारे भरपूर निघाले.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात वाहतूक कायद्याचा अभ्यास फार वाढला आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता, मोटारींना १०० ची मर्यादा, अवजड गाड्यांना ८०. बोरघाटात कॅमेरे बसले तेव्हा मोटारींना ६० आणि अवजड गाड्यांना ४०. हे कॅमेरे एका जागचा वेग तर मोजतातच, शिवाय दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून सरासरीही काढतात. हे कळल्यावर आमच्या एका दूरच्या काकांनी तोड काढली: वाटेत फूड मॉलला थांबायचं, वडापाव खायचा, सरासरी आपोआप खाली येते. गणित चोख आहे. फक्त एवढं करून ते सरळ १०० ने आलेल्या माणसाच्या बरोबरच पोचतात, वर वडापावचा खर्च. तसंही सगळा रस्ता १०० ने कापला तर सत्तावन्न मिनिटं लागतात आणि १२० ने सत्तेचाळीस. ती वाचवलेली दहा मिनिटं वाकडच्या कोंडीत कशी विरघळतात हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

तर प्रश्न. पहिला नेहमी पाटीचा असतो. "पाटीच दिसली नाही, मग दंड कसा?"

याचं उत्तर लोकांना वाटतं त्याहून बरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचं कलम ११२ दोन वेगळ्या मर्यादा सांगतं. एक, त्या प्रकारच्या वाहनाला आणि रस्त्याला केंद्रानं ठरवलेली कमाल मर्यादा. ती सगळ्यांना ठाऊक आहे असं कायदा धरून चालतो. तिथे पाटी दिसली नाही ही सबब लंगडी पडते. दुसरी, राज्यानं किंवा अधिकार दिलेल्या यंत्रणेनं एखाद्या टप्प्यावर त्याहून खाली आणलेली मर्यादा: घाट, शाळा, पूल, गावठाण. ती आणायची तर राजपत्रात अधिसूचना लागते आणि योग्य जागी पाटीही लागते. दोन्ही. म्हणजे १०० च्या रस्त्यावर अचानक ६० ची अपेक्षा असेल, तर ६० कुठे सुरू होतात हे रस्त्यानं मला सांगितलंच पाहिजे. फांदीआड गेलेली पाटी, कंत्राटदारानं रुंदीकरणात उपटून कडेला ठेवलेली पाटी, हा नुसता कुरकुरीचा विषय नाही, बचावाचा मुद्दा आहे. अशा वेळी लोक काय करतात? पाटी नव्हती म्हणून तावातावानं बोलतात. दुसऱ्या दिवशी त्या जागेचा फोटो काढून ठेवणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

कॅमेऱ्यासाठीही नियम आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६-अ आलं आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ जोडला गेला. त्यात यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं असं आहे. कॅमेरे आहेत हे सांगणारे फलक आधी लावायचे आहेत, म्हणजे "लपून टिपलं" हा जो आपला आवडता आरोप, त्याची दखल नियम करणाऱ्यांनीच घेऊन ठेवली आहे. चलानावर गुन्ह्याचा आणि नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा हे सगळं यायला हवं. सूचना पंधरा दिवसांत पाठवायची, असंही तेव्हा घातलं. या पंधरा दिवसांवर व्हॉट्सअ‍ॅपनं केवढा इमला उभारला आहे! "सोळाव्या दिवशी आलं तर फाडून टाका." उशीर झाल्यास चलान आपोआप रद्द होईल असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. तो न्यायाधीशापुढे मांडायचा मुद्दा आहे, आणि मांडण्यासाठी आधी तिथपर्यंत जावं लागतं.

जायचं कसं, हा खरा घोळ. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. एका परिचिताच्या मोटारीला हेल्मेट नसल्याचं चलान आलं. फोटोत स्कूटर. नंबरातला एक आकडा वाचण्यात चूक झाली होती, इतकं उघड. त्यानं तक्रार केली, फोटो जोडले, उत्तर आलं: तक्रार निकाली काढण्यात आली. कशी, का, कुणी, काही नाही. चलान जिथल्या तिथे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो एका कचेरीत रजा टाकून गेला, तिथल्या हवालदारानं स्क्रीनकडे एकदा पाहिलं, म्हणाला, "अहो ही तर स्कूटर आहे," आणि दहा मिनिटांत काम झालं. मला या गोष्टीतला तो हवालदार फार आवडतो. यंत्रणेत कुठेतरी एक असा माणूस बसवलेला असावा, ज्याला स्कूटर आणि मोटार यांतला फरक डोळ्यांनी कळतो आणि ज्याच्यासमोर उभं राहता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे. कॅमेरे हवे तेवढे लावा.

दुसरा प्रश्न काट्याचा. "माझ्या काट्यावर तर ९८ होते."

इथे मी थोडी खलनायिका होते. गाडीचा काटा खरा वेग कधीही कमी दाखवणार नाही, झालाच तर थोडा जास्त दाखवेल, अशाच बेतानं बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत तर याचं सूत्रच आहे: दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी नको, आणि जास्त असलाच तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ताशी ४ किलोमीटर, याच्या आत. त्यामुळे मोबाईलचा नकाशा ९४ म्हणत असताना काटा ९८ म्हणतो. म्हणजे काट्यावर ९८ आणि चलानावर १०९ असेल, तर मी आधी टायर पाहते. कंपनीच्या टायरांऐवजी ऐटीसाठी मोठ्या व्यासाचे बसवले असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. पुतण्याच्या गाडीला असे टायर होते. तो त्यानंतर काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

रडार तिरकं धरल्यामुळे आकडा फुगतो, हाही समज आहे. उलट आहे. गाडीच्या दिशेशी कोन जितका मोठा, तितका रडार वेग कमी मोजतं. तिरकस उभा असलेला मामा तुमचंच भलं करत असतो. यंत्राबद्दल विचारायचंच तर कोनाऐवजी प्रमाणपत्राची तारीख विचारावी.

आता कायद्यातला मला सगळ्यांत आवडणारा कोपरा. कलम १८३ हे वेगाच्या दंडाचं कलम. मोटारीला एक ते दोन हजार, मोठ्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना दोन ते चार हजार, आणि पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे, की "गाडी फार जोरात होती असं मला वाटलं" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणालाही दोषी धरता येणार नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणानं केलेल्या मोजणीवर उभं असलं पाहिजे. यांत्रिक हा शब्द पहिल्यापासून होता, इलेक्ट्रॉनिक २०१९ मध्ये आला. म्हणजे नजरेवर विश्वास ठेवू नका, मोजा, हे कायद्यानं कॅमेरे यायच्या कितीतरी आधी सांगून ठेवलेलं होतं. यंत्राला शिव्या घालणाऱ्यांना मी हे वाचून दाखवते. यंत्राची मागणी मुळात चालकाच्या रक्षणासाठी आहे.

आणि याच्या अगदी उलटं जग माझ्या रोजच्या कागदांत असतं. अपघाताची कुठलीही फिर्याद घ्या. "सदर वाहनचालकाने त्याच्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून..." ट्रक असो, रिक्षा असो, बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलत नेत असोत, मजकूर हाच. आकडा कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच एका कर्नाटकातल्या खटल्यात सांगितलं, की वेग जास्त होता एवढं म्हणणं म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध करणं नव्हे. जास्त म्हणजे किती, कुठल्या परिस्थितीत, हे दाखवायला हवं. फिर्यादीचा मजकूर काही बदलला नाही. मग आम्ही पंचनाम्यातून वेग शोधतो. टायर घासल्याच्या खुणा किती फुटांच्या, गाडी उलटून कुठे पडली, काचा कुठवर उडाल्या. अनेकदा पंचनाम्यात खुणांची लांबीच नसते, "टायर घासल्याच्या खुणा दिसून येतात" एवढंच असतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतल्या एकाहत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग असं केंद्र सरकारच्या अहवालात आहे. माणसं गेली हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण कारणाच्या रकान्यातला तो आकडा याच न मोजलेल्या कागदांवरून वर गेलेला आहे, हे मला विसरता येत नाही. रस्त्याची वळणं चुकलेली असतात, दुभाजक अर्धवट असतो, बंद ट्रक रात्री दिव्याविना उभा असतो. फिर्यादीत भरधाव लिहिलं की या सगळ्यांची सुटका.

याचा अर्थ वेगाला मी सोडून देते असा कुणी घेऊ नये. गाडी १०० ने धावत असेल, तर समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात ती चाळीस मीटरच्या वर गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, पूर्ण थांबायला आणखी पन्नास-पंचावन्न मीटर घेते. १२० ला हाच हिशोब एकशे तीस मीटरच्या आसपास जातो. माझ्याकडे मात्र हा हिशोब दुसऱ्या रूपात येतो. मृताचं वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, आणि गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला कितीनं गुणायचं तो आकडा. वय २१ ते २५ असेल तर १८, २६ ते ३० असेल तर १७, हा २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ठरलेला तक्ता. आई समोर बसलेली असते आणि मी तिला विचारते, मुलाच्या जन्माचा दाखला आहे का, कारण पंचविसावं सरून सव्विसावं लागलं होतं की नाही यावर एक वर्षाचं उत्पन्न ठरतं. दोन हजारांच्या दंडावर तावातावानं बोलणाऱ्यांना मी हे सांगत नाही. लग्नघर असतं.

विम्याची अफवा मात्र मी प्रत्येक वेळी खोडते. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आला आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक ग्रुपवर "अतिवेगात अपघात झाला तर विमा बंद" असा संदेश फिरला. तसं काही ठरलेलं नाही. ज्याच्या स्वतःच्या बेदरकार चालवण्यानं अपघात झाला आणि तोच त्यात गेला, त्याच्या वारसांना दुसऱ्या कुणाची चूक असल्यासारखी भरपाई मागता येणार नाही, एवढंच म्हणणं होतं, आणि तेही नवं नव्हतं. तुमच्या गाडीनं ज्याला उडवलं त्याचा हक्क जागच्या जागी आहे. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं. पॉलिसीत ते घेतलंय का, हे पाहायला मात्र कुणी मोबाईल पुढे करत नाही.

बाकीचे प्रश्न पटापट. गाडी विकली, चलान मलाच येतं: कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि "कागद नंतर करू" म्हणणारा गिऱ्हाईक नंतर फोन उचलत नाही. गाडी मित्र चालवत होता: मग त्याचं नाव सांगा, कलम १३३ प्रमाणे चालकाची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे, हे ऐकून मैत्रीची परीक्षा होते. हवालदारानं स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला: वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनीच २०२५ मध्ये खासगी मोबाईल वापरू नका म्हणून परिपत्रक काढलं. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, फोटो गॅलरीतलं चालत नाही. लोकअदालतीत तडजोड होते, ती कायदेशीर आहे, आणि म्हणूनच कितीतरी लोक चलान मुद्दाम साठवून ठेवतात. दिवाळीच्या सेलची वाट पाहावी तशी लोकअदालतीची वाट पाहणारा एक व्यापारी माझ्या ओळखीचा आहे. राज्यात या खटल्यांसाठी ऑनलाइन न्यायालयही आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपुरात त्याचं उद्घाटन झालं. तिथे गुन्हा मान्य करण्याचा पर्याय असतो तसाच लढवण्याचाही असतो. पंगतीतल्या लोकांना पहिलाच दिसतो.

हे सगळे मोटारवाल्यांचे प्रश्न झाले. ज्यांची चलानं खरोखर ढिगानं साठतात, त्या टेम्पो-ट्रकवाल्यांना लग्नात कुणी माझ्या शेजारी बसवत नाही. ते कोर्टाच्या आवारात भेटतात. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप केला, तेव्हा शहरी लोकांच्या चेहऱ्यावर "बरं झालं यांना" असा भाव होता. मला तो पटला नाही. भाजीचा टेम्पो रात्री अमुक वाजता निघणार आणि बाजार उघडायच्या आत वाशीला पोचणार, हे वेळापत्रक ड्रायव्हर करत नाही. चलान मात्र बहुतेक मालक त्याच्याच पगारातून कापतात.

कलम १८३ मध्ये याचीही तजवीज आहे, आणि ती कुणीही वाचत नाही. नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणारा मालक त्याच दंडाला पात्र आहे. चौथं पोटकलम तर आणखी पुढे जातं: अमुक वेळेत पोच असं वेळापत्रक छापलं किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळेत पोचणं शक्यच नाही असं न्यायालयाला दिसलं, तर तो कागद किंवा तो हुकूमच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. दहा मिनिटांत दूध-अंडी दारात आणण्याच्या जाहिराती कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या तेव्हाचं हे पोटकलम आहे. आमच्या सोसायटीत नवव्या मिनिटाला घामाघूम होऊन येणाऱ्या पोराला "जरा हळू चालवत जा रे" म्हणणारे आजोबा आहेत. ऑर्डर त्यांचीच असते.

गेल्या पावसाळ्यात एका पिकअपवाल्यानं मला आवारात गाठलं. घाटातली चलानं, एकाखाली एक, वाचता वाचता अंगठा दुखावा इतकी. मी विचारलं, इतक्या घाईनं का? त्यानं मालकाचे मेसेज दाखवले. रोजचा एक: साडेतीनला मार्केटला पाहिजे, उशीर झाला तर हजेरी नाही. निघाल्याची वेळही त्यातच होती, गाडी भरून झाल्याचा फोटो. हिशोब तिथल्या तिथे होत होता, कागद-पेनही लागलं नाही. मी त्याला पोटकलम वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे मेसेज पुसू नकोस, अर्ज करू.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "यानं चलानं माफ होतील?"

"लगेच नाही. पण मालकालाही जाब द्यावा लागेल."

"मग राहू द्या मॅडम," तो म्हणाला, "लोकअदालत कधीये तेवढं सांगा."